पाणी मागितलं की पाव्हना

आबांच्या घरात एकच खुर्ची होती आणि ती भिंतीवर असायची. निळी, लोखंडी, घडीची. खुंटीला टांगलेली. घरातलं माणूस तिच्यावर कधी बसलं नाही. घरातली माणसं ओट्यावर बसायची, उंबऱ्यात बसायची, घोंगड्यावर लोळायची. खुर्ची खाली उतरायची ती फक्त पाहुण्यासाठी, आणि पाहुणा कोण हे आबा ठरवायचे.

त्यांचा कायदा एका ओळीचा होता. "पाणी मागितलं की पाव्हना." तहान लागल्यावर जो उठून माठाकडं गेला, तो घरचा. बसल्या जागी ज्यानं 'जरा पाणी मिळेल का' म्हटलं, तो पाहुणा. मग तो सख्खा मेव्हणा का असेना. पाहुण्याचा अपमान मात्र ते करत नसत. उलट इतका मान करायचे की माणसाला घाम फुटावा. खुर्ची खाली यायची, टॉवेलनं झटकली जायची. ताटात तांब्या-भांडं ठेवून आबा स्वतः समोर उभे राहायचे आणि विचारायचे, "परवास बरा झाला का? गाडीला गर्दी हुती का? तिकडं पाऊसपानी काय म्हनतंय?" ऐन डिसेंबरात सुद्धा पाऊसपाणी. शेजारच्या मळ्यातून बांध ओलांडून आलेल्या माणसालाही गाडीला गर्दी होती का, हे विचारल्याशिवाय सुटका नाही.

एकदा गावच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक जण मळ्यात आला. खुर्ची मिळाली, ताट मिळालं, प्रवासाची चौकशी झाली. गडी खूश होऊन गेला. जीपचा धुरळा खाली बसायच्या आत आबा खुर्ची परत टांगत म्हणाले, "खुर्ची दिली. मत न्हाय दिलं."

आबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलते. लासुर्ण्याच्या अलीकडं मळ्यात एकटेच राहायचे. काकी माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. एके काळी या घराची मेंढरं होती, नंतर ऊस आला आणि मेंढरं गेली. आबांनी तरी दोन मेंढ्या दावणीला ठेवल्या होत्या. त्या ना दुधाच्या ना विकायच्या. कशाला सांभाळता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आमाला वळख ऱ्हावी म्हून."

आता माझी गोष्ट. माझं माहेर नाशिकचं, वडील शाळामास्तर. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, फ्रिज उघडायचा नाही, स्वयंपाकघरात डोकवायचं नाही, या शिस्तीत मी वाढले. लग्न होऊन बारामतीत आले आणि पहिल्याच थंडीत नवऱ्यानं मला मळ्यात नेलं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, नाकातोंडात धूळ. ओट्यावर टेकले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आपली मृदू आवाजात म्हणाले, "आबा, थोडं पाणी मिळेल का?"

नवरा कपाळाला हात लावून खाली बसला. त्यानं मला का सांगून ठेवलं नव्हतं, हा प्रश्न मी त्याला अजूनही विचारते. तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. आबा उठले, खुंटीवरची खुर्ची काढली, टॉवेलनं झटकली. "बसा ताई. परवास बरा झाला का?"

झालं! शिक्का बसला. घरची सून, पण 'ताई' आणि 'तुमी'. चुलत जावांना ते "अगं ए, चुलीतलं लाकूड वड" म्हणायचे आणि मला म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या ताई, धूर लागंल."

पुढच्या वर्षी मी तयारीनं गेले. गाडीतून उतरले ती थेट आत, माठाकडं. ओगराळ्यानं पाणी घेतलं, उभ्यानं प्यायले आणि विजयी मुद्रेनं वळले. दारात आबा. चेहऱ्यावर काहीच नाही. "भांडं इसळून प्यालासा ताई," एवढंच म्हणाले. आणि खुर्ची काढायला गेले.

आता माठाशेजारच्या फळीवर पालथं घातलेलं भांडं धुळीचं दिसलं तर माणूस विसळणार नाही का? पण तेच तर. घरचं माणूस विसळत नाही. पुढं किती थंड्या आल्या आणि गेल्या, मी त्या खुर्चीवर बसले, ताटातलं पाणी प्यायले आणि पाऊसपाण्याची खबर देत राहिले. माझ्या मनात अढी बसली होती, हे सरळ सांगते. कधी तरी हा म्हातारा माझ्या घरी येईल, तेव्हा बघते, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो म्हणायचा, "तो कुठं येतोय! त्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या घरी मुक्काम केला नाही."

ते खरं होतं. लग्नाला गेले तरी आबा अक्षता टाकून संध्याकाळच्या एसटीनं परत. वर म्हण ऐकवायचे, "एक दिवस पाव्हना, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी ऱ्हाईल त्याची अक्कल जाई."

दिवाळीची सुट्टी माझ्या माहेरची आणि नाताळची सुट्टी मळ्यातली, अशी आमची वाटणी ठरून गेली होती. आमची सई आणि ओंकार, दोघंही इंग्रजी शाळेतली. त्यांना नाताळात सुट्टी असते याचं आबांना फार कौतुक. नाताळ म्हणजे काय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "पोरांची नाताळ कवा हाय?" असा फोन डिसेंबर लागला की यायचा. फोन म्हणजे शेजारच्याकडून लावून घेतलेला, आणि आबा त्यात असे ओरडायचे की फोन नसता तरी बारामतीला ऐकू गेलं असतं.

मळ्यातली थंडी वेगळी. पहाटे उसावर धुकं, अंगणात बंब पेटलेला, त्याच्या धुराचा वास अंथरुणापर्यंत यायचा. पोरं घोंगड्यातून फक्त डोकी बाहेर काढायची. आबा बंबात चिपाडं सारत बसलेले. अंघोळीला कोण आधी यावरून मारामारी, म्हणजे कोण शेवटी यावरून. दुपारी हरभऱ्याचे घाटे, बोरं. संध्याकाळच्या आत एकदा तरी हुरड्याची आगटी. आबा निखाऱ्यातलं कणीस काढायचे आणि तळहातावर चोळून गरम दाणे पोरांच्या ओंजळीत टाकायचे. ओंजळ पुढं केली की मिळायचं. "दे" म्हणायचं नाही. म्हटलं की आबांची नजर खुंटीकडं जायची.

सई दुसरीत-तिसरीत असतानाची गोष्ट. शाळेत त्यांना त्या वर्षी मॅनर्स शिकवले होते. प्रत्येक गोष्टीला परवानगी, प्रत्येक गोष्टीला थँक्यू. आगटीजवळ बसून तिखट चटणी खाल्ली आणि नाक ओढत म्हणाली, "आबा, मी पाणी घेऊ का?"

आबा उठले. मी म्हटलं, "आबा, लहान आहे हो." पण कायदा म्हणजे कायदा. खुर्ची आली, टॉवेल फिरला, ताट आलं. "बसा ताईसाहेब. परवास बरा झाला का?" पोरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर ओंकार घोंगड्यावर लोळतोय, हुरडा खातोय, आणि ही एकटी खुर्चीवर. आधी तिला गंमत वाटली, मग तिचा ओठ थरथरला, आणि मग तिनं असा गळा काढला की दावणीच्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मला त्या वेळी आबांचा मनस्वी राग आला. लेकराला कसली शिक्षा!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठली बया. अंधुक उजेडात आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ओगराळं पडलं होतं. बंबाजवळून आबा ओरडले, "कोन हाय गं आत?"

आतून उत्तर आलं, "घरची हाय!"

आबा बंबाकडं तोंड करून बराच वेळ हसत होते, खांदे हलताना दिसत होते. त्या दिवसापासून सई त्यांना 'ए आबा' म्हणायला लागली. आणि माझी खुर्ची होतीच.

हे असलं खूळ डोक्यात शिरलं कुठून, हे एकदाच कळलं. आगटीजवळ ओंकारनं विचारलं होतं, "आबा, पाणी मागितलं तर काय होतं?" आबा कणीस चोळत होते. चोळता चोळताच म्हणाले, "मी तुझ्याएवढा हुतो तवा बापाच्या मागं मेंढरं घिऊन हिंडायचो. मुलूख परका. दारोदार पाणी मागाय लागायचं. कुनी द्यायचं. कुनी वरनं वतायचं, आन आमी वंजळीनं प्यायचं. कुनी कुत्रं सोडायचं." दाणे ओंकारच्या हातात टाकून त्यांनी फुंकर मारली. "मागून पेलेल्या पान्यानं तहान जात न्हाय, ओंक्या. खा गरम हाय तवर." पुन्हा कधी या विषयावर ते बोलले नाहीत.

पोरं वाढली. वाढणारच. ओंकारला विहिरीत पोहता यायला लागलं, मग ट्रॅक्टरवर बसता यायला लागलं, आणि मग त्याला क्रिकेटच्या कॅम्पला जायचं असायचं. सई आठवीनंतर मळ्यात आली की बांधावर जाऊन उभी राहायची, कारण तिथंच रेंज यायची. हुरड्याला हाक मारली तर "आले" म्हणायची आणि यायची नाही. नववीच्या सुट्टीत तर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आई, आपण किती दिवस राहणार आहोत?" आबा दाराशी होते. त्यांनी ऐकलं. निघताना माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, पोरगी खुर्चीकडं बघाय लागली बरं का."

मला हसू आलं नाही. आपल्याला खुर्चीवर बसवलं याचा राग येणं वेगळं आणि आपलं मूल स्वतःहून खुर्चीकडं निघालेलं दिसणं वेगळं. घरी येताना गाडीत मी सईवर उगाचच चिडले.

आणि पुढच्याच थंडीत, सई दहावीत असताना, आबांच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. मेंढी समजून कुत्र्याला चारा टाकेपर्यंत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बारामतीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धूर नको, धुरळा नको, वाकायचं नाही, थेंब वेळच्या वेळी, पुन्हा दाखवल्याशिवाय गावी जायचं नाही. म्हणजे बंब बंद, आगटी बंद, मळा बंद. म्हणजे आमच्या फ्लॅटवर मुक्काम. तोही नेमका पोरांच्या नाताळात.

"इलाज न्हाय का दुसरा?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. दुसरा इलाज नव्हता.

आले. काळा चष्मा, काखेत पिशवी, हातात फिरकीच्या झाकणाचा मोठा तांब्या. सोफ्यावर बसले ते अगदी कडेला, बसमध्ये शेजारचं माणूस जाड असल्यासारखे. पिशवी पायाशी. ती त्यांनी आत ठेवू दिली नाही. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं खायचे, 'पुरं' म्हणायचे. थेंब घालताना मान वर करायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडं बघायचे. मळ्यातला तो कायदेपंडित कुठं गेला होता कुणास ठाऊक! सईचं दार बंद, आत अभ्यास आणि कानात वायरी. ओंकार दिवसभर मैदानावर. नवरा ऑफिसात. आणि मी पाहुण्यासारखा पाहुणा सांभाळत होते, खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडी मजाही येत होती.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. जेवताना वाढून ठेवलेला ग्लास आबा तसाच ठेवत होते. तहान लागली की फिरकी उघडायचे, घोटभर प्यायचे आणि घट्ट लावायचे. लासुर्ण्याच्या माठातलं पाणी ते सोबत घेऊन आले होते. मागायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. बाहेर तांब्या हलवल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. रिकामा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग आबांचा आवाज, इतका बारीक की मला आधी शेजारच्यांचा वाटला:

"ताई, जरा पानी मिळंल का?"

मी तर या वाक्याची लग्न झाल्यापासून वाट बघत होते! शेंगा बाजूला ठेवल्या. माळ्यावरचं ताट काढलं, लग्नातलं तांब्या-भांडं काढलं, घासून चकचकीत केलं. खांद्यावर नॅपकिन टाकला. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेऊन त्यांच्यासमोर ठेवली, नॅपकिननं झटकली.

"बसा आबा. प्रवास बरा झाला का? गाडीला गर्दी होती का? तिकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?"

मला वाटलं होतं, हसतील. निदान चिडतील. आबा सोफ्यावरून उठले आणि खरोखरच त्या खुर्चीवर बसले. चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, शाळेत नाव घातलेल्या पोरासारखे.

"बरा झाला ताई," ते म्हणाले. "गर्दी नव्हती. पाऊसपानी बरं हाय." मग भांड्याला हात न लावता खाली वाकून पिशवी चाचपायला लागले. "येतो मी आता. सांजच्याला यष्टी हाय लासुर्ण्याला."

माझ्या हातातलं ताट जड झालं. वाकायचं नाही म्हणून सांगितलेला माणूस वाकून पिशवी बांधत होता. डोळा अजून कच्चा. गावी गेला की बंब पेटवणार, धुरात तोंड घालणार. एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये या माणसाला एक भांडं पाणी स्वतःच्या हातानं घेता आलं नव्हतं, आणि आता तो डोळा घालवून बसणार होता. "आबा, अहो गंमत केली मी," असं म्हणाले, पण गंमत राहिली नव्हती हे दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात सईचं दार उघडलं. कानातली वायर गळ्यात लोंबतेय, केसांचा बुचडा, हातात पेन. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ताटाकडं, एकदा खुर्चीकडं. आणि कमरेवर हात ठेवले.

"ए आबा! खुर्चीवर काय बसलायस? ऊठ! हात-पाय हायत न्हवं?"

आबांनी मान वर केली.

"पानी आत हाय," ती म्हणाली. "आपला हात जगन्नाथ. चल, ऊठ."

मी पुढं होणार, तर तिनं मला डोळ्यांनी दटावलं. आबा उठले. भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, थबकले, आत गेले. सई दारातच हाताची घडी घालून उभी. "डावीकडं. न्हाय, दुसरं डावीकडं! तो फिल्टरचा निळा खटका दाब." खटका दाबला गेला, पाणी आलं आणि येतच राहिलं, कारण बंद करायचं कसं हे तिनं सांगितलं नव्हतं. ओटा भिजला, शेंगा भिजल्या, आबांची बाही कोपरापर्यंत भिजली. "अगं ए, थांबव की भवाने!" आबा ओरडले. मळ्यातला आवाज. तीन दिवसांत पहिल्यांदा.

शेवटी मीच धावत जाऊन खटका बंद केला, माझी साडीही भिजली. मग आबांनी फळीवरचा एक पेला घेतला, उजेडाकडं धरून बघितला. मग नळाखाली धरला आणि विसळला.

मी शेजारीच होते. "आबा," मी म्हणाले, "भांडं विसळलंत."

आबा जागच्या जागी थांबले. पेला हातात तसाच.

"धूळ हुती," ते म्हणाले.

"तुमच्याकडं पण धूळच होती."

मग त्यांचे खांदे हलायला लागले, बंबाजवळ हलायचे तसे. सई खो खो हसत ओट्याला टेकली. मी पण हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले ते कशानं, हे मी शोधत बसले नाही. आबा उभ्यानंच पाणी प्यायले. तोंड वाकडं केलं. एवढ्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते मग झालं, इतक्या सहज की मला कळायला वेळ लागला.

"अगं ए," ते मला म्हणाले, "ह्या पान्याला चव न्हाय ढव न्हाय. माठ कसा न्हाय तुझ्या घरात?"

तुझ्या! मी पायांत चपला सरकवल्या आणि तशीच बाजारात निघाले. ओल्या साडीनं, थंडीच्या दिवसांत, माठ आणायला. मंडईजवळच्या कुंभाराकडं पणत्या उरल्या होत्या, संक्रांतीची सुगडी येऊन पडली होती, आणि माठ पार मागं एकावर एक रचून ठेवलेले. त्यानं वरची सुगडी उतरवत एक माठ काढला, बोटानं वाजवून दाखवला आणि माझ्याकडं संशयानं बघितलं.

"थंडीचा माठ नेताय? पाव्हनं आल्यात काय कुनी?"

"न्हाय," मी म्हणाले. "घरचंच माणूस हाय."